आशाताईंच्या पाच भेटी: बाळाच्या वाटीपर्यंत पोचतात का?

बाळ तीन महिन्यांचं झालं की आशाताई घरी येतात. मग सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. एका बाळामागे पाच भेटी. पैसे लागत नाहीत, रांग नाही, नाव नोंदवायला कुठे जावं लागत नाही. सरकारी कागदांवर हा कार्यक्रम एचबीवायसी (होम बेस्ड केअर फॉर यंग चाइल्ड, म्हणजे लहान बाळाची घरी काळजी) या आद्याक्षरांनी ओळखला जातो. २०१८ साली आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांनी मिळून तो सुरू केला. नवजात बाळासाठी बेचाळीस दिवसांपर्यंतच्या भेटी त्याच्या आधीपासून, २०११ पासून, होत्याच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा, घरी झालं असेल तर सात. त्या भेटींचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण बेचाळीस दिवस सरले की आरोग्य खात्याच्या घरभेटी थांबायच्या. एचबीवायसी तिथून पुढे सुरू होते.

लसी, खेळ, हात धुणं हे सगळं या भेटीत येतं. इथे परीक्षण एकाच अंगाचं आहे: बाळाच्या खाण्यावर नजर ठेवायला ही सेवा कितपत कामाची.

वेळापत्रकाला पैकीच्या पैकी नाही, पण चांगले गुण द्यायला हवेत. लसीकरणाचं कार्ड काढून बघा. जन्म, मग ६, १० आणि १४ आठवडे, आणि त्यानंतर थेट नववा महिना. म्हणजे सव्वातीन महिन्यांपासून नवव्या महिन्यापर्यंत धडधाकट बाळाला सुईसाठी कुठे न्यावं लागत नाही. आणि नेमक्या याच काळात नुसतं अंगावरचं दूध पुरेनासं होतं, उष्टावण होतं, वरचं खाणं बसतं किंवा बिघडतं. सहाव्या महिन्याची भेट या रिकाम्या जागेत मधोमध येते, म्हणून तिचं मोल जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्क्यांनाच दुधाच्या जोडीला घट्ट किंवा निमघट्ट खाणं मिळत होतं. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के.

मग गुण कुठे कापायचे? सहाव्या महिन्याच्या भेटीत बघायला काहीच नसतं. उष्टावण परवाच झालेलं असतं किंवा पुढच्या आठवड्यात असतं. आशाताई सांगून जातात, घरचे मान हलवतात. पुढची भेट नवव्या महिन्यात, आणि तोवर सवयी पक्क्या झालेल्या असतात. पातळ पेज, चहा-बिस्कीट, रडलं की पुड्यातलं काहीतरी. सातव्या आणि आठव्या महिन्यात एकेक ओझरती भेट असती, पाच मिनिटांची, तरी चित्र बदललं असतं. सध्या ही उणीव अंगणवाडीच्या मासिक वजनाच्या दिवशी किंवा गावातल्या पोषण दिवशी भरून काढता येते. फक्त त्या दिवशी वजनकाट्यावरून बाळ उतरवल्यावर "काय खाल्लं?" हेही कुणीतरी विचारायला हवं.

तिसऱ्या महिन्यातला प्रश्न

या भेटीत एकच गोष्ट तपासायची असते: बाळ निव्वळ आईच्या दुधावर आहे का. निव्वळ म्हणजे पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध, थेंब, ओआरएस चालतं, बाकी काही नाही. छापील प्रश्न "बाळाला दुधाशिवाय काही देता का?" असा विचारला की उत्तर "नाही" येतं, आणि ते खोटं नसतं. घरच्यांच्या लेखी गुटी म्हणजे खाणं नव्हे, ती गुटी. ग्राइप वॉटर म्हणजे औषध. मधाचं बोट म्हणजे रीत. त्यामुळे जाणत्या आशाताई सरळ विचारतच नाहीत. "उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकतो तेव्हा काय करता?", "पोट दुखून रडलं तर आजी काय देतात?", "गुटी उगाळायला कुठलं पाणी घेता?" असं विचारलं की खरं काय ते बाहेर येतं. मधाचं कळलं तर तिथल्या तिथे थांबवायला सांगायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते, आणि मध उकळून तो धोका टळत नाही.

"दूध पुरत नाही" ही तक्रार याच भेटीत सगळ्यात जास्त ऐकू येते. खात्री करायला दोन गोष्टी पुरतात: चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, आणि महिन्यागणिक वाढतं वजन. दोन्ही ठीक असतील तर रडण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. दोन्हींपैकी एक जरी ठीक नसेल तर आईला बाळ पाजायला लावून पकड बघायची. तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय का. हे बघायला दहा मिनिटं लागतात. भेट उरकायची घाई असली की पहिली गळते ती हीच पायरी, आणि मग घरात दुधाचा डबा येतो. डब्यापाठोपाठ बाटली. बाटलीच्या आणि शिशुदुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहारालाही. पण शेजारणीच्या सल्ल्याला कायदा कसा लावणार?

कालचा दिवस, सकाळपासून सकाळपर्यंत

सहाव्या महिन्यानंतर सगळी भेट एका कौशल्यावर उभी असते: गेल्या चोवीस तासांत बाळाने काय खाल्लं हे न सुचवता काढून घेणं. इथेच एक भेट दुसरीपेक्षा दहापट उपयोगी ठरते.

वाईट भेट अशी होते. "बाळ काय खातं?" "सगळं खातं." "वरचं सुरू केलं ना?" "हो, केव्हाच." खूण, सही, पुढचं घर.

चांगली भेट अशी. आई कामावर गेली असेल तर ज्या भरवतात त्या आजींनाच विचारायचं.

"आजी, काल सकाळी बाळ उठलं तेव्हा पहिलं काय दिलं?"

"आईनं पाजलं, मग ती गेली कामाला. मी चहात बिस्कीट भिजवून दिलं."

"किती?"

"दोन. त्यातलं अर्धं सांडलं."

"मग?"

"मग निजलं. उठल्यावर वरणाचं पाणी दिलं."

"कुठल्या वाटीत? ती वाटी आणता का?"

"ही बघा."

"कुठपर्यंत भरली होती? बोट लावून दाखवा. आणि बाळाने संपवली?"

"थोडं उरलं, ते मी प्यायले."

"मध्ये कोणी हातात काही दिलं? शेजारी, दुकानात?"

"ते होय! पोराच्या मामानं पुडा आणला होता, त्यातलं चघळत होतं."

"संध्याकाळी?"

"दोन-चार घास मऊ भात. आई आल्यावर अंगावरच होतं ते."

छापील नमुन्यात हा दिवस उत्तम दिसतो: स्तनपान सुरू, वरचं खाणं सुरू, दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्यक्षात नऊ महिन्यांच्या बाळाच्या पोटात दीड बिस्कीट, अर्धी वाटी पाणीदार वरण आणि चार घास भात गेलाय. "मध्ये काही?" हा प्रश्न विचारला नसता तर पुडा कळलाच नसता. आणि "फळ दिलं का? भाजी दिली का?" अशी यादी आधीच वाचून दाखवली असती तर आजींनी सगळ्याला हो म्हटलं असतं. समोरच्या माणसाचा मान राखायची आपली रीतच आहे ती. म्हणून आधी त्यांना सांगू द्यायचं, मधली पोकळी मागून भरायची, आणि यादी अगदी शेवटी काढायची.

काल बाळाला ताप असेल, घरात कार्य असेल तर तेही लिहायचं. तो दिवस नेहमीसारखा नाही, पण आजारात घरचे काय भरवतात हे त्यातूनच कळतं.

वाटीचं माप

जागतिक आरोग्य संघटनेची मापं २५० मिलीच्या वाटीवर बेतलेली आहेत. सहा महिने पुरे झाल्यावर सुरुवात एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. तिथून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिन्यांना अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. सोबत अंगावरचं दूध चालूच.

गोंधळ होतो तो वाटीवरून. आमटीची वाटी वेगळी, बारशात आलेली चांदीची वाटी वेगळी. त्या चांदीच्या वाटीत साठ-सत्तर मिली मावलं तरी पुष्कळ, आणि घरात बाळाचं माप म्हणून तीच वापरात असते. "दोन वाट्या खातं" ऐकून भेट खूश होऊन निघते, बाळ मात्र उपाशी. यावर सोपा उपाय आहे. ओआरएस करायला घरात एक लिटरची बाटली असायला हवीच. ती भरायची आणि बाळाच्या वाटीने रिकामी करायची. चार वाट्यांत संपली तर २५० मिलीची, सात वाट्या भरल्या तर जेमतेम १४० ची. तो आकडा माता-बाल संरक्षण कार्डाच्या समासात लिहून ठेवला की पुढच्या प्रत्येक भेटीला कामी येतो. नमुन्यात त्यासाठी रकाना हवा होता.

मापाइतकाच घट्टपणा महत्त्वाचा, किंबहुना जास्त. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाला २४० मिली. ६ ते ८ महिन्यांत अंगावरच्या दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. आता पेज इतकी पातळ असेल की मिलीमागे पाव कॅलरी मिळते, तर २०० कॅलरीसाठी बाळाला ८०० मिली पेज प्यावी लागेल. पिईल का? आणि प्यायलंच तर अंगावरच्या दुधाला पोटात जागा कुठे? घट्ट मऊ भात किंवा खिमट असेल, ग्रॅममागे एक कॅलरी देणारं, तर तेच काम २०० ग्रॅममध्ये होतं. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घातलं की आणखी चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, आणि आकार तेवढाच.

घट्टपणा तोंडाने सांगून कळत नाही. चमचा घ्यायचा, त्यात खाणं भरायचं आणि चमचा तिरका करायचा. ओघळलं तर पातळ. चमच्याला धरून राहिलं तर बरोबर. हे भरवणाऱ्या बाईच्याच हातून करून घ्यायचं. वरणाचं पाणी आणि वरण हा फरक तिच्या डोळ्यांनी दिसला की पुढे व्याख्यान द्यावं लागत नाही. "घशात अडकेल" ही भीती खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. डाळ-भात हाताने किंवा पळीने घोटायचा. मिक्सरमधून पाणी घालून काढायचा नाही. बाळाला मांडीवर सरळ बसवायचं, आडवं पाडून भरवायचं नाही.

प्रकार मोजताना गफलत

पुरेशा विविधतेसाठी आठ गटांपैकी किमान पाच गटांतलं काही ना काही कालच्या दिवसात पोटात जायला हवं: आईचं दूध, धान्य आणि कंदमुळं, डाळी-शेंगदाणे-तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडं, पिवळ्या-केशरी किंवा गडद हिरव्या भाज्या-फळं, बाकीच्या भाज्या-फळं. आधीचा निकष सातातले चार असा होता, जुनी प्रशिक्षण पुस्तिका हाताशी असेल तर तोच सापडेल.

भेटीत नेहमी होणाऱ्या दोन चुका. एक, बटाटा भाजीत मोजणं. तो धान्याच्या गटातला. त्यामुळे वरण-भात-बटाटा म्हणजे तीन नव्हे, दोनच गट. दुसरी, फोडणीतला कढीपत्ता किंवा वरणात तरंगणारी दोन कोथिंबिरीची पानं "हिरवी भाजी" म्हणून लिहिणं. चवीपुरतं घातलेलं मोजत नाहीत.

शाकाहारी घरातही पाच गट अवघड नाहीत. अंगावरचं दूध, भात, मूगडाळ, दही आणि घोटलेला लाल भोपळा किंवा पालक. झाले पाच. अंडं चालणाऱ्या घरात ते कधी सुरू करायचं हा प्रश्न हमखास निघतो. सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं अंडं देता येतं, वर्षाची वाट पाहायची गरज नाही. मीठ-साखर मात्र जितकी लांब ठेवता येईल तितकी बरी.

अंगणवाडीचा घरपोच आहार घरात येतो का, हे विचारण्याऐवजी पाकीट बघायला मागावं. ६ महिने ते ३ वर्षांच्या बाळासाठी त्याचा हिशेब २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा धरला होता. तो घरातल्या चार मुलांत वाटला गेला किंवा न उघडता फळीवर पडून राहिला, तर कागदावर बाळ जेवलं एवढंच.

लोहाची बाटली खोटं बोलत नाही

या सेवेतली आमची सगळ्यात आवडती तपासणी हीच. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा, एका वेळी १ मिली द्यायचं असतं. बाटली ५० मिलीची. सहाव्या महिन्याच्या भेटीत ती दिली तर नवव्या महिन्यापर्यंत तेरा आठवडे होतात, म्हणजे २६ मिली संपायला हवं, निम्म्याहून थोडं जास्त. बाटली उजेडाकडे धरायची. पाऊण भरलेली असेल तर कारण शोधायचं. पहिलं कारण काळी शी: लोहामुळे ती होते, घाबरण्यासारखं नाही, पण आधी सांगितलेलं नसतं. दुसरं, उपाशी पोटी दिल्यामुळे मळमळ, खाल्ल्यानंतर द्यायचं. तिसरं, वार लक्षात राहत नाहीत. बुधवार-शनिवार असे दोन वार ठरवून बाटलीवर पेनाने लिहिले की बरंच काम होतं. ताप, जुलाब किंवा तीव्र कुपोषण असेल तर तेवढ्यापुरतं सिरप थांबवायचं आणि सिस्टरना विचारायचं. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार आधीच माहीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचंच नाही.

बाटली मिळालीच नसेल तर दोष घरच्यांचा नाही. साठा नसणं ही उपकेंद्राच्या पातळीवरची गोष्ट, आणि आशाताईंनाही ती तुमच्याइतकीच छळते.

वजन: हिरवा पट्टा पुरेसा नाही

वजन अंगणवाडीताई करतात, आशाताई कार्डावरची नोंद बघतात. बघताना नजर फक्त वाढीच्या आलेखावरच्या पट्ट्याच्या रंगावर जाते, ही मोठी चूक. समजा मुलगा सहाव्या महिन्यात ७.९ किलोचा आहे. हे वाढीच्या प्रमाणातलं मधलं वजन. नवव्या महिन्यातही तो ७.९ च भरला, तरी तो हिरव्याच पट्ट्यात राहतो, कारण त्या वयाला धोक्याची रेषा ७.१ किलोवर आहे. कागदावर सगळं ठीक. पण या तीन महिन्यांत त्याला एक किलो चढायला हवा होता, तो चढलाच नाही. दोन महिने रेघ आडवी गेली की खाण्याची चौकशी पहिल्यापासून करायची, पट्टा कुठलाही असो.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी काटा शून्यावर होता का ते विचारा. वाळे, कमरेची साखळी, ओलं लंगोट यांनी शंभर-दीडशे ग्रॅम सहज चढतात, आणि या वयात महिन्याची वाढच तीन-चारशे ग्रॅमची असते.

सहा महिन्यांनंतर दंडाची पट्टीही लावता येते. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यावर हिरवा. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करून, हात सैल सोडलेला. पट्टी आवळली की बाळ फुकट कुपोषित ठरतं, ढिली ठेवली की खरं कुपोषित बाळ निसटतं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा पडतो का तेही बघावं. सूज असेल तर पट्टीचा रंग काहीही असो, बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं.

आजारात काय भरवायचं यावर भेटीत सहसा दोनच मिनिटं जातात, तरी ती नेमकी असावीत. जुलाबात अंगावरचं दूध वाढवायचं, खाणं बंद करायचं नाही, ओआरएस द्यायचं. झिंक चौदा दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या थांबवणं ही सगळीकडची चूक. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

पन्नास रुपयांची भेट

आता सेवेच्या मांडणीबद्दल. कार्यक्रम आखताना एका भेटीला आशाताईंना ५० रुपये धरले गेले, पाच भेटींचे अडीचशे. त्यात चालत जाणं, आई घरी नसेल तर परत येणं, वर सांगितलेली सगळी चौकशी आणि नमुना भरणं आलं. मोबदला भेट झाली यावर मिळतो, भेटीत काय सापडलं यावर नाही. मग नमुना भरतो आणि वाटी बघायची राहते, यात नवल नाही. आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी तपासणी करताना नमुना किती भरला हे न बघता एका घरी जाऊन तोच चोवीस तासांचा प्रश्न पुन्हा विचारला, तर दोन उत्तरांतल्या फरकावरून भेटीचा दर्जा लगेच कळतो.

दुसरी अडचण दोन खात्यांची. वजन अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये, गृहभेट आरोग्याच्या नोंदीत. दोन्ही एकत्र दिसतात अशी जागा एकच, ती म्हणजे आईच्या हातातलं कार्ड. ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवण्यापेक्षा दाराशी अडकवलेलं बरं.

घरच्यांनी या सेवेचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा असेल तर भेटीच्या दिवशी बाळाला भरवणारी व्यक्ती घरी असू द्या, मग ती आजी असो, आत्या असो की मोठी बहीण. बाळाची वाटी, चमचा, सिरपची बाटली आणि आहाराचं पाकीट समोर ठेवा. बाळाच्या जेवणाची वेळ सांगून त्याच वेळी या म्हणा. एक घास प्रत्यक्ष भरवताना पाहिलं की दहा प्रश्न वाचतात. बाळ तोंड फिरवतं तेव्हा काय केलं जातं, टीव्ही लावला जातो का, जबरदस्ती होते का, की थोडं थांबून पुन्हा विचारलं जातं, हे कुठल्याही नमुन्यात मावत नाही.

बाराव्या महिन्याच्या भेटीत तक्रार उलटी असते: "खातच नाही." तेव्हा आधी दूध मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गाई-म्हशीचं दूध पोटात जात असेल तर भूक तिथेच मेलेली असते, आणि त्या दुधातून लोह जवळपास मिळत नाही. दूध कमी करून जेवणानंतर, वाटीने किंवा पेल्याने द्यायचं. वर्षानंतर घरचंच जेवण, तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढून, वेगळ्या ताटलीत. वेगळ्या ताटलीचा आग्रह धरावा. मोठ्यांच्या ताटात बसलेलं बाळ किती खातं हे कुणालाच सांगता येत नाही.

पंधराव्या महिन्याची भेट ही शेवटची, आणि ती बऱ्याचदा निरोपासारखी उरकली जाते. दोन वर्षं पुरी व्हायला अजून नऊ महिने असतात आणि त्या काळासाठी घरी येणारं कोणी ठरलेलं नसतं. त्यामुळे त्या दिवशी आशाताईंना उठू देण्याआधी तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्या: अंगणवाडीत पुढच्या वजनाची तारीख, सोळाव्या महिन्यानंतरच्या लसी आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसची तारीख, आणि सिरपची पुढची बाटली कुठून घ्यायची ते.